कुंपणाची मेंदी कापायची कोणी?

प्रसंग पुण्यातल्या सहकारनगरातला समजा. 'समजा' अशासाठी, की तो प्रभात रोडला, औंधला किंवा मयूर कॉलनीतही जसाच्या तसा घडतो. दोन जुने बंगले, मध्ये साठ फूट लांबीचं मेंदीचं कुंपण. पूर्वेकडे काकू, पश्चिमेकडे काका. मेची अखेर आणि पाऊस तोंडावर, म्हणून काकांनी रविवारी सकाळी माळी बोलावला आणि डोक्याइतकी वाढलेली मेंदी कमरेपर्यंत उतरवली. काकू पूजा आटोपून बाहेर आल्या, तर वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काकांची धुण्याची दोरी आणि दोरीवरचं सगळं दिसलं.

"अहो, विचारायचं तरी!"

"माझ्या बाजूचं मी कापलं. त्यात काय विचारायचं?"

"तुमची बाजू? झाडं आमच्या सासऱ्यांनी लावलीत."

"आणि पाणी कोण घालतंय इतकी वर्षं?"

या चार वाक्यांत तीन कायदेशीर दावे दडलेत. माझ्या बाजूला आलं ते माझं, ज्यानं लावलं त्याचं, आणि इतकी वर्षं असंच चाललंय. तिन्ही अर्धे खरे आहेत, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या अर्ध्यावर ठाम असतात म्हणून भांडण लांबतं. शिवाय या भांडणात एक तिसरा पक्ष असतो. तो कुंपणापाशी उभा नसतो, त्यामुळे त्याची आठवण कुणालाच राहत नाही. तो पक्ष म्हणजे महापालिका. तिच्यापासूनच सुरुवात करू.

मेंदीसुद्धा 'झाड' आहे

शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडे 1975 सालचा कायदा आहे. त्याचं नाव महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. झाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वड, चिंच, गुलमोहर येतात. कायद्याची व्याख्या मात्र फार रुंद आहे. बारमाही आणि लाकूड धरणारी कोणतीही वनस्पती म्हणजे झाड, मग ती रोप अवस्थेत का असेना. जमिनीलगतच फांद्या फुटणारी झुडपंही त्यात धरली आहेत. म्हणजे मेंदी आली, जास्वंद आली, कण्हेर आली, कोयनेल आली.

पुढची गंमत 'तोडणे' या शब्दात आहे. कायद्याच्या लेखी झाड तोडणे म्हणजे ते बुंध्यापासून आडवं करणं एवढंच नाही. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, हे सगळं त्यात येतं. शेजाऱ्याचं झाड नको म्हणून रात्री मुळाशी मिठाचं पाणी किंवा ॲसिड ओतणारे महाभाग असतात. कुऱ्हाड उचललीच नाही, तर गुन्हा कसला, अशी त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे.

मग दर दोन महिन्यांनी मेंदी कातरायला परवानगी काढायची का? व्याख्या अक्षरशः वाचली तर शंका येते खरी. व्यवहारात कुणी कोवळे शेंडे कातरण्यासाठी अर्ज करत नाही, आणि मला तरी त्यात काही गैर दिसत नाही. केस कापणं आणि हात कापणं यात जो फरक आहे, तोच कातरणं आणि तोडणं यात आहे. हिरवे शेंडे कात्रीनं सारखे करणं ही निगा झाली. करवत लागेल अशी जाड फांदी काढणं, झुडूप मुळातून उपटणं, सगळी रांगच जमीनदोस्त करणं, हे मात्र परवानगीचं काम. बऱ्याच कुंपणांत मेंदीच्या मध्येच कडुनिंब, सुबाभूळ किंवा उंबर आपोआप उगवून चांगला दुमजली झालेला असतो. त्याला हात लावायचा तर अर्ज हवाच.

अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जातो. निर्णय देणारी यंत्रणा म्हणजे वृक्ष अधिकारी आणि वृक्ष प्राधिकरण. प्राधिकरण ही आयुक्त अध्यक्ष असलेली समिती. जागेवर पाहणी होते आणि लोकांना हरकती नोंदवता याव्यात म्हणून झाडावर नोटीस लावली जाते. रस्त्यातल्या एखाद्या झाडाच्या बुंध्यावर कागद चिकटवलेला तुम्ही पाहिला असेल, तो हाच. झाड वाळलेलं, रोगट किंवा जीवाला धोका असलेलं असेल तर परवानगी मिळणं सोपं. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. जुन्या बंगल्यांच्या हद्दीवरचे आंबे आणि फणस सहज या वयाचे असतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. महापालिकेची परवानगी फक्त 'झाड कापायला हरकत नाही' एवढंच सांगते. झाड कुणाचं, हद्द कुठे, हे ती ठरवत नाही. परवानगीचा कागद शेजाऱ्यासमोर नाचवून 'बघा, जागा माझीच' म्हणणारे लोक असतात. त्या कागदात तसं काही लिहिलेलं नसतं.

झाड कुणाचं: लावणाऱ्याचं की जमिनीचं?

ज्या जमिनीतून बुंधा वर येतो, तिच्या मालकाचं झाड. फांद्या कुठे पसरल्या, सावली कुठे पडते, पाणी कोण घालतं, यानं मालकी बदलत नाही. काकूंच्या सासऱ्यांनी हौसेनं रोपं आणली असतील, पण ती काकांच्या जमिनीत लावली असतील तर झाडं काकांची. उलट काकांनी तीस वर्षं पाणी घातलं आणि बुंधे काकूंच्या हद्दीत असतील तर काकांना पुण्य मिळेल, मेंदी मिळणार नाही.

बुंधा नेमका रेषेवर असेल तर तो दोघांचा. गावाकडे सामाईक बांध म्हणतात, तसंच हे. सामाईक वस्तूवर दोघांनाही हक्क असतो आणि दोघांपैकी एकानं ती परस्पर संपवायची नसते. दोघांच्या नावे असलेल्या घराची आपल्या बाजूची भिंत आपण एकटेच पाडत नाही, तसं. काकांनी मेंदी कातरली असती तर प्रश्न नव्हता. निम्मी उडवली, तिथे त्यांचं चुकलं.

फांदी आमच्याकडे आली, कापू का?

या प्रश्नाचं उत्तर लंडनहून आलेलं आहे. आपला दिवाणी कायदा ब्रिटिश काळात घडला आणि जिथे लिखित कलम नाही तिथे आपली न्यायालयं इंग्लंडच्या जुन्या निकालांचा आधार घेत आली. 1894 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, 'लेमन विरुद्ध वेब' या खटल्यात निकाल दिला. नावात लेमन असलं तरी वाद मोठ्या, जुन्या वृक्षांचा होता. न्यायालयानं सांगितलं की शेजाऱ्याच्या झाडाची फांदी तुमच्या हद्दीत लोंबत असेल, तर पूर्वसूचना न देताही तुम्ही ती कापू शकता. अट एकच, की त्याच्या जमिनीत पाऊल टाकायचं नाही. आणि ती फांदी कितीही वर्षं तिथे असली तरी 'आता ती तिथेच राहणार' असा हक्क झाडाच्या मालकाला मिळत नाही.

हे ऐकून काका खूश होतील. पण थांबा. हा नियम दोन शेजाऱ्यांमधला आहे. 1975 चा कायदा माणूस आणि शहर यांच्यातला आहे. पहिल्या नियमानं शेजाऱ्याला तुमच्यावर दावा करता येणार नाही, एवढंच. दुसऱ्या नियमानं महापालिका तुम्हाला विचारू शकते, की परवानगी कुठे आहे. रेल्वेचं तिकीट काढलं म्हणून फलाटावर थुंकायची मुभा मिळत नाही, तसं समजा. हद्दीपलीकडून आलेली कोवळी मेंदी कातरा, खुशाल. आंब्याची मांडीएवढी फांदी असेल तर आधी अर्ज.

इंग्लंडच्या न्यायालयानं पूर्वसूचना नको म्हटलं असलं तरी मी म्हणेन, द्या. दोन ओळी लिहून द्या, व्हॉट्सॲपवर पाठवा, पण तारखेसकट नोंद राहू द्या. याचा उपयोग उलट्या बाजूनंही होतो. शेजाऱ्याची पोखरलेली फांदी तुमच्या गाडीवर पडली, तर पहिला प्रश्न येतो की धोका आहे हे त्याला माहीत होतं का. तुम्ही एप्रिलमध्ये लेखी कळवलेलं असेल आणि फांदी जुलैत पडली असेल, तर 'मला कल्पना नव्हती' म्हणायला त्याला जागा उरत नाही. कंपाउंडवर टोमणा मारणारी पाटी लावून हे काम भागत नाही. पुण्यात ते वेगळं सांगायला लागतं.

विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्यांना मात्र स्वतः हात लावू नका आणि माळ्यालाही चढवू नका. ते महावितरणचं काम. पावसाळ्याआधी त्यांची माणसं त्यासाठीच फिरत असतात.

कापलेल्या फांद्या, पडलेले आंबे आणि चार पानं कढीपत्ता

फांदी तुमच्याकडे लोंबत असली तरी ती शेजाऱ्याचीच असते. कापल्यावरही. इंग्लंडमध्ये 1919 च्या 'मिल्स विरुद्ध ब्रूकर' खटल्यात एकानं आपल्याकडे झुकलेल्या फांद्यांवरची शेजाऱ्याची सफरचंदं उतरवून विकली. फांदी कापण्याचा हक्क होता, फळ विकण्याचा नव्हता. त्याला भरपाई द्यावी लागली.

आपल्या फौजदारी कायद्यात तर याची फार नेमकी मांडणी आहे. झाड जमिनीत घट्ट उभं असतं तोवर त्याची चोरी होऊ शकत नाही, कारण ते जंगम नाही. घेऊन जायच्या इराद्यानं ते जमिनीपासून तोडलं, की त्या क्षणी चोरी होऊ शकते. जुन्या भारतीय दंडसंहितेत हे होतं आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतही तसंच आलं आहे. तेव्हा काकूंच्या कुंपणातला कढीपत्ता काकांच्या बाजूला झुकला असेल, तर रोजच्या फोडणीची चार पानं कायद्यानं काकूंचीच. यावरून कुणी कोर्टात गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. विचारून घ्या, म्हणजे झालं. बहुतेक काकू वर कोथिंबीरही देतात.

कापलेला पाला मात्र शेजाऱ्याच्या अंगणात फेकू नका. 'तुमचीच मालमत्ता परत केली' हा युक्तिवाद ऐकायला चटपटीत वाटतो, पण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत ढीग टाकणं ही वेगळी आगळीक आहे. आणि जाळू तर अजिबात नका. बागेतला कचरा वेगळा साठवून, सांगितलेल्या पद्धतीनं देणं किंवा घरीच जिरवणं ही कचरा करणाऱ्याची जबाबदारी आहे. उघड्यावर जाळायला बंदी आहे.

कुंपण शेत खातं तेव्हा

आता खरा मुद्दा. धुण्याची दोरी दिसली म्हणून काकू चिडल्या, हे वरवरचं. त्यांच्या पोटात भीती वेगळी आहे.

गावाकडे 'बांध कोरणे' म्हणतात. नांगरताना दरवर्षी बांधाची वीतभर माती आपल्याकडे ओढायची. एका वर्षात कुणाच्या लक्षात येत नाही, दहा वर्षांत बांध सरकलेला असतो. मेंदीचं कुंपणही असंच सरकतं, बऱ्याचदा कुणाच्या मनात पाप नसताना. एक बाजू नेमानं कातरली जाते, दुसरी मोकळी सुटते. मोकळ्या बाजूला फांद्या टेकून मुळं धरतात. जुनी झाडं मेली की माळी नवी रोपं जिथे मोकळी जागा दिसेल तिथे लावतो. ती रेषा जुन्या रेषेवर असेलच असं नाही.

हिशेब करून बघा. साठ फूट लांबीचं कुंपण वर्षाला दोन इंच सरकलं, तर वीस वर्षांत चाळीस इंच, म्हणजे तीन फूट चार इंच सरकतं. गुणिले साठ फूट. झाले दोनशे चौरस फूट. पुण्यात दोनशे चौरस फुटांची किंमत काय होते ते तुम्ही मनात काढलंच असेल. बंगला पुनर्विकासाला द्यायचा ठरला की किती बांधकाम मिळेल हे भूखंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं, इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडायची हे हद्दीपासून मोजतात. मग अचानक मेंदी महत्त्वाची होते. पंचवीस वर्षं गुण्यागोविंदानं राहिलेले शेजारी पुनर्विकासाच्या पहिल्या बैठकीनंतर टेप घेऊन कुंपणाशी उभे राहतात, ते यामुळे.

टेप उपयोगाची नाही. हद्द ठरवायचा अधिकृत मार्ग म्हणजे मोजणी. शहरात त्यासाठी नगर भूमापन कार्यालय आहे आणि जागेचा उतारा म्हणजे मिळकत पत्रिका. गावाकडच्या सातबाराची शहरातली बहीण म्हणा. 'हद्द कायम मोजणी'साठी अर्ज करून फी भरायची. लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जागांच्या मालकांना, तारखेची नोटीस जाते. भूकरमापक येऊन मोजतो, खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. नोटीस मिळाली की लगतधारकानं हजर राहावं. रागानं घरात बसणारे लोक नंतर 'आम्हाला कुणी विचारलंच नाही' म्हणतात, आणि नोटिशीची पोच फाइलमध्ये असते.

इथे काका हमखास एक आक्षेप घेतील. "पण बारा वर्षांहून जास्त काळ कुंपण इथेच आहे. आता ती जागा आमचीच झाली!" बारा वर्षांचा नियम खरा आहे. त्याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. मूळ मालकानं बारा वर्षांत ताबा परत मागितला नाही, तर त्याचा हक्क संपू शकतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंही म्हटलं की असा हक्क मिळवलेला माणूस स्वतः वादी होऊनही तो मागू शकतो. पण नुसती बारा कॅलेंडरं भिंतीवरून उतरली म्हणजे झालं, असं नाही. ताबा उघड, सलग आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा असावा लागतो, आणि हे सगळं सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर. मेंदी हळूहळू सरकत होती आणि दोघांनाही पत्ता नव्हता, यात आव्हान कुठे आलं? वर 'आम्ही काकूंच्या परवानगीनंच इकडे वाफा केला होता' असं काका एकदा बोलून गेले, की दावा तिथेच ढेपाळतो. परवानगीनं वापरलेली जागा प्रतिकूल होत नाही.

"पण आमचा उजेड अडतो!"

आता बाजू उलटी करू. समजा कुंपण काकूंचं आहे, त्या ते कापतच नाहीत आणि दहा फुटांची हिरवी भिंत उभी राहिली आहे. काकांनी काय करावं?

इंग्लंडमध्ये यासाठी थेट कायदा आहे. 2003 मध्ये केलेल्या कायद्यानुसार दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाबद्दल स्थानिक परिषदेकडे तक्रार करता येते. आपल्याकडे दगड-विटांच्या कंपाउंडच्या उंचीला बांधकाम नियमांत मर्यादा आहे. वाढत्या कुंपणाच्या उंचीला अशी थेट मर्यादा नाही.

उरतो 1882 चा सुविधाधिकार कायदा. सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीसंदर्भात आपल्याला असलेला मर्यादित हक्क, जसा वहिवाटीचा रस्ता. इमारतीच्या खिडकीतून वीस वर्षं अखंड, विनातक्रार येणाऱ्या उजेडाचा हक्क मिळू शकतो. तोही भरपूर अडला, खोली नीट वापरता येईना, तरच दाद मिळते. दुपारी चारला दिवा लावावा लागतो एवढ्यावर भागेलच असं नाही. आणि मोकळ्या जागेला मिळणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क वर्षानुवर्षांच्या वापरानं मिळतच नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. काकांचं तुळशीवृंदावन, वाळत घातलेल्या कुरडया आणि हिरवळ यांना या कलमाचा आधार नाही.

काकूंनाही हेच लागू. कुंपणामुळे मिळणारा आडोसा त्यांना हवासा असेल, पण शेजाऱ्याच्या झाडानं आपल्यासाठी पडदा धरून ठेवावा असा हक्क त्यांना नाही. आडोसा हवा तर तो आपल्या हद्दीत उभा करायचा.

पोलिसांत जावं का?

जाता येतं. मारामारी झाली असेल तर जावंच. नुसत्या मेंदीसाठी गेलात तर बहुधा अदखलपात्र नोंद होईल, म्हणजे ज्याला आपण एनसी म्हणतो ती, आणि 'कोर्टात जा' असा सल्ला मिळेल. शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागता येतो, पण तारखा पडतील तेवढ्या काळात मेंदी चार वेळा वाढून येईल. तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा दाखल करण्याआधीही वाद लोकअदालतीत नेता येतो. तिथे तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील नसतं. कुंपणाच्या वादाला मला तरी हाच दरवाजा सर्वांत मापाचा वाटतो.

कापायचंच तर

झाडाच्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं, ते खालच्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा कापला की दाब सुटतो आणि बाजूनं फांद्या फुटतात. म्हणून वारंवार थोडं कातरलेलं कुंपण दाट होतं. एकाच बाजूनं कातरलं तर झाड दुसऱ्या बाजूला झुकतं. वरचा दोन इंचांचा हिशेब तिथूनच सुरू होतो. वर्षानुवर्षं सोडून एकदम कमरेपर्यंत छाटलं, तर जुन्या लाकडावर फूट यायला वेळ लागतो, कधी येतच नाही, आणि कुंपणात खिंडारं पडतात. आकार खाली रुंद, वर किंचित निमुळता ठेवला तर बुडापर्यंत ऊन पोचतं आणि खालून बोडकं होत नाही.

आणि कात्री लावण्याआधी फांद्या बाजूला करून आत बघा. उन्हाळा-पावसाळ्यात बुलबुल, शिंपी, मुनिया याच उंचीवर घरटी करतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला धक्का लावणंही मोडतं. घरटं दिसलं तर तो तुकडा महिनाभर सोडून द्यायचा.

काका-काकूंच्या बाबतीत मी त्यांना एका कागदावर एवढंच लिहायला सांगेन: उंची पाच फूट, कातरणी मेच्या सुरुवातीला आणि दिवाळीआधी, माळी एकच, दोन्ही बाजू एकाच दिवशी, मजुरी निम्मी-निम्मी, पाला काकूंच्या खताच्या खड्ड्यात. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख, शिवाय एक ओळ की या कागदानं हद्दीबद्दल कुणाचाही हक्क कमी-जास्त होत नाही. मजुरी आधी ठरवून घ्या. दोन बंगल्यांचं काम म्हटलं की माळी दोन्हीकडे पूर्ण पैसे सांगतो.